रिकाम्या रस्त्याचा फोटो

(सोसायटीच्या रौप्य महोत्सवानिमित्त सभागृहात भरवलेल्या सेमाडोह सहलीच्या छायाचित्र प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी केलेलं हे भाषण. स्मरणिकेसाठी थोडा हात फिरवला आहे, पण बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



नारळ फुटला, फीत कापून झाली, आणि मागच्या टेबलावर आलुबोंडे गरम आहेत, याची मला पूर्ण जाणीव आहे. तेव्हा फार ताणत नाही.

कार्यकारिणीने मला विषय दिला होता, ‘चांगला फोटो कसा काढावा’. मी तो थोडा बदलून घेतला. मी बोलणार आहे, दुसऱ्याने काढलेल्या फोटोबद्दल कसं बोलावं यावर. कारण सरळ आहे. या भिंतीवर अठ्ठेचाळीस फोटो लागलेत. ते काढून झालेले आहेत, त्यांचं आता काही होत नाही. पण पुढच्या तासाभरात तुम्ही सगळे भिंतीसमोरून फिरणार, आणि प्रत्येक फोटोचा धनी कुठेतरी खांबाआड उभा राहून कान देऊन ऐकणार. तुमच्या तोंडून काय निघतं, त्यावर त्याचा पुढचा फोटो अवलंबून आहे. कदाचित तो पुढचा फोटो काढेल की नाही, हेसुद्धा.

मी हे अंदाजाने बोलत नाही. माझ्या हातून या बाबतीत दोन चुका झाल्या आहेत, दोन्ही याच इमारतीत. एक जास्त बोलल्याची, एक न बोलल्याची. दोन्ही माणसं आज समोर बसली आहेत आणि दोघांची परवानगी घेऊनच सांगतोय.

आधी माझी स्वतःची गोष्ट. मी बँकेत नोकरी केली, फोटोग्राफी हा छंद. रोलचा जमाना होता. एका रोलमध्ये छत्तीस फोटो, आणि पगारात महिन्याला एकच रोल बसायचा. चिखलदऱ्याला देवी पॉईंटवर पहाटे थंडीत कुडकुडत दोन दिवस थांबून मी एक सूर्योदय टिपला आणि एका स्पर्धेला पाठवला. परीक्षकांनी सगळ्यांसमोर तो हातात घेतला, एकच शब्द उच्चारला, ‘पोस्टकार्ड’, आणि पुढचा फोटो उचलला. बस. पोस्टकार्ड म्हणजे काय? फार गोड? फार ओळखीचा? रंग भडक? पुढची दोन वर्षं मी त्या एका शब्दाचा अर्थ लावत होतो. त्यांचं मत कदाचित बरोबरच असेल. पण त्यातून मला करण्यासारखं काहीच मिळालं नाही. निकाल मिळाला, कारण मिळालं नाही.

तरी गंमत पाहा, पुढे मीही तेच केलं.

२०१६ च्या गणेशोत्सवात आपण या हॉलमध्ये छोटं प्रदर्शन भरवलं होतं, जुन्या मंडळींना आठवत असेल. तळमजल्यावरच्या भाऊंनी एक फोटो दिला होता. भाऊंना आपण सगळेच ओळखतो. आयुष्यभर एसटीची गाडी चालवली, त्यातली कितीतरी वर्षं परतवाडा-धारणी रस्त्यावर. निवृत्तीनंतर मुलाने त्यांना फोन घेऊन दिला, त्यावर काढलेला तो फोटो. सेमाडोहच्या अलीकडचं एक वळण. खाली डांबरी रस्ता, वर आभाळ. माणूस नाही, गाडी नाही, जनावर नाही. भर दुपारचं पांढरं ऊन. मला त्या दिवशी सगळ्यांनी तज्ज्ञ म्हणून फिरवायला घेतलं होतं, त्यामुळे जीभ जरा सैल सुटली होती. मी म्हणालो, “भाऊ, यात काहीच नाही हो. रिकामा रस्ता आणि रिकामं आभाळ. विषय कुठे आहे?” लोक हसले. भाऊही हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर त्या जागी चार पिना तेवढ्या होत्या. त्यानंतर भाऊंनी कुठल्याच प्रदर्शनाला फोटो दिला नाही. मला वाटलं, त्यांची आवड संपली.

दुसरी चूक याच्या उलट. तिसऱ्या मजल्यावरची आपली एक मुलगी, आठवीत असल्यापासून कॅमेरा घेऊन गच्चीवर असते. संध्याकाळचे ढग, पावसाआधीचं आभाळ, पतंग, विजा. आपण सगळे काय म्हणायचो? “वा! काय फोटो! तू तर मोठी फोटोग्राफर होणार!” मीही म्हणायचो. पोरीचा उत्साह कशाला मोडा? बारावीनंतर तिने एका संस्थेत फोटोग्राफी शिकायला अर्ज केला. वीस फोटो पाठवले. निवड झाली नाही. मग ती माझ्याकडे आली आणि ते वीस फोटो माझ्यासमोर ठेवून म्हणाली, “काका, खरं सांगा.” मी बघितले. वीसपैकी अकरा फोटोंत क्षितिज तिरपं होतं. सातांमध्ये सूर्याच्या जागी नुसतं पांढरं भोक पडलेलं. मी ते तिला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “हे तुम्हाला चार वर्षं दिसत होतं ना? मग सांगितलं का नाही?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. खोटं कौतुक करताना आपल्याला आपण फार प्रेमळ वाटतो. खरं म्हणजे आपण समोरच्याला वेळ देत नसतो. ‘छान’ म्हणायला एक सेकंद लागतो. नीट बघायला पाच मिनिटं लागतात.

या दोन्ही गोष्टी डोक्यात असताना, रौप्य महोत्सवानिमित्त सेमाडोहची सहल ठरली. २०२५ च्या जानेवारीत, २५ आणि २६ तारखेला, शनिवार-रविवार. आम्ही सतरा जण, एक टेम्पो ट्रॅव्हलर. अमरावतीहून परतवाडा, तिथून घाट चढून घटांगमार्गे सेमाडोह, सगळं मिळून साधारण शंभर किलोमीटर. मेळघाट काय आहे ते तुम्हाला सांगायला नको. १९७३-७४ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाले तेव्हा पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता. सेमाडोह त्याच्या पोटात, सिपना नदीच्या काठी. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. नदीचंच नाव साग, एवढा तिथे साग.

तारखा मुद्दाम तशा निवडल्या होत्या. २९ जानेवारीला अमावास्या होती, म्हणजे रात्री चंद्राची अडचण नाही. बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसायचं असेल तर चांदणं हवं, पण ताऱ्यांचे फोटो काढायचे तर चांदणं नको. त्यात त्या आठवड्यात टीव्हीवर आणि फोनवर ‘ग्रहांची परेड’ गाजत होती. पोरं त्यासाठीच आली होती.

मी सहलीआधी एक अट घातली. संध्याकाळी जेवणानंतर आपण आपापले फोटो एकमेकांना दाखवायचे, पण ‘छान’, ‘मस्त’, ‘भारी’ हे शब्द बंद. आणि ‘काही खास नाही’ हेसुद्धा बंद. मग बोलायचं काय? त्यासाठी तीन प्रश्न ठेवले.

पहिला, मला या फोटोत काय दिसतंय? नुसतं वर्णन. दुसरा, काढणाऱ्याला विचारायचं, तुला काय दाखवायचं होतं? तिसरा, या दोन्हींत फरक असेल तर तो कशामुळे पडला, आणि पुढच्या वेळी करता येईल अशी एकच गोष्ट कोणती? एकच. दहा चुका दिसल्या तरी एकच सांगायची. दहा सांगितल्या तर माणूस कॅमेरा ठेवून देतो.

आता तुम्ही म्हणाल, हे बोलायला सोपं. म्हणून त्या रात्रीचे काही नमुने सांगतो. हे सगळे फोटो भिंतीवर आहेत.

अ इमारतीतल्या वहिनींनी सिपनेच्या काठावरून सूर्यास्त काढला. मी विचारलं, काय दिसतंय? एक दहा वर्षांचा पोरगा चटकन म्हणाला, “नदी चढावर चालली आहे.” सगळे हसले, वहिनीसुद्धा. क्षितिज चार-पाच अंशांनी कललं होतं, त्यामुळे पाणी खरोखर डावीकडून उजवीकडे वर चढत होतं. नुसतं ‘क्षितिज वाकडं आहे’ असं म्हटलं असतं तर ती टीका झाली असती. ‘नदी चढावर चालली’ म्हटल्यावर वहिनींना स्वतःलाच दिसलं. उपाय एकच सांगितला. फोनच्या पडद्यावर चौकटीच्या रेषा चालू करा आणि पाण्याची कड त्यातल्या एका रेषेला धरा. नंतर फोनवर सरळ करता येतं, पण तेव्हा चारही कोपरे कापले जातात आणि कोपऱ्यात नेमकं काहीतरी हवं असलेलं असतं.

दुसरे आमचे एक निवृत्त शिक्षक. त्यांच्या प्रत्येक फोटोत आभाळात उजवीकडे वर एक काळा ठिपका. त्यांच्या नातवाने सांगितलं, “आजोबा, ती घार आहे.” पहिल्या फोटोत आम्ही मानलं. सातव्या फोटोतही घार त्याच जागी! ती घार नव्हती, कॅमेऱ्याच्या सेन्सरवर बसलेली धूळ होती. लेन्सचं छिद्र लहान केलं, एफ १६ किंवा एफ २२ ला नेलं, की असा कण मोकळ्या आभाळात ठळक दिसतो. एफ ४ ला तोच पुसट होऊन जातो. झाडाझुडपांच्या फोटोत लपतो, आभाळात उघडा पडतो. म्हणून आभाळाचे फोटो काढणाऱ्याने अधूनमधून पांढऱ्या भिंतीचा एक फोटो घेऊन कॅमेरा तपासावा. सर म्हणाले, “म्हणजे मी इतकी वर्षं धुळीचे फोटो काढले म्हणायचे!”

तिसरा फोटो सागाच्या जंगलाचा, एका तरुण सदस्याने काढलेला. गर्द, चकचकीत हिरवा. ‘काय दिसतंय’ या प्रश्नावर तिथल्याच, आम्हाला जेवण वाढणाऱ्या कोरकू दादांनी उत्तर दिलं. ते मागे उभे होते. म्हणाले, “हा आमचा जंगल नाही.” आम्ही म्हटलं, अहो, इथलाच आहे, दुपारी काढला. ते म्हणाले, “मग पावसाळ्यातला असेल.” जानेवारीअखेर सागाची पानं पिवळी, तांबूस होऊन गळायला लागलेली असतात, पायाखाली कुरकुर वाजतात. त्या पोराने फोनवर रंग वाढवून सगळं हिरवं करून टाकलं होतं. मी त्याला विचारलं, “तुला काय दाखवायचं होतं?” तो म्हणाला, “मेळघाट हिरवा असतो ना, म्हणून.” म्हणजे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं बाजूला ठेवलं आणि डोक्यात आधीच असलेलं चित्र काढलं. मूळ फोटो उघडला तर त्यात ती वाळकी पानं, त्यांच्यातून येणारं तिरपं ऊन, सगळं होतं. भिंतीवर तोच मूळ फोटो लावला आहे. बघा आणि सांगा, कोणता जास्त सेमाडोह वाटतो.

आभाळ पांढरं पडतं, ही तक्रार तर जवळपास प्रत्येकाची होती. त्यांना मी म्हटलं, मनाला लावून घेऊ नका, ही तक्रार फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. १८३९ मध्ये पॅरिसला दागेरची पद्धत जाहीर झाली, आणि अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ मध्ये, आपल्या मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. त्या वेळच्या काचा निळ्या प्रकाशाला फार लवकर भाळायच्या. जमीन नीट यावी एवढा वेळ दिला की आभाळ कोरं पांढरं. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे नावाच्या छायाचित्रकाराने १८५६-५७ च्या सुमारास त्यावर तोडगा काढला. समुद्राची एक काच, आभाळाची दुसरी काच, आणि कागदावर दोन्हींचा एक फोटो. आज आपला फोन बटण दाबल्यावर कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो घेतो आणि एकत्र शिवून टाकतो, ती त्याच जातीची युक्ती. तरी फोनलाही मर्यादा आहे. म्हणून सांगणं एकच. पडद्यावर आभाळाच्या उजळ भागावर बोट ठेवा आणि उजेड थोडा खाली ओढा. अंधारात बुडालेलं पुढे थोडंफार वर काढता येतं. जळून पांढरं झालेल्या जागी काही नोंदलेलंच नसतं, तिथून काय काढणार?

आणि आभाळात काही नसेल तर? मग त्याला चौकटीत कमी जागा द्या. ढग असतील, रंग असतील, तर त्याला दोन हिस्से आणि जमिनीला एक. कोरं आभाळ असेल तर उलट. बरोबर मध्यावर कापून जमीन-आभाळ अर्धं-अर्धं केलं की बघणाऱ्याला कळत नाही, कोणाकडे पाहायचं. हा नियम नाही, सवय आहे. मोडायचा तर जाणूनबुजून मोडा.

रात्री आम्ही पर्यटन संकुलाच्या आवारातच थांबलो. व्याघ्र प्रकल्पात अंधार पडल्यावर बाहेर भटकायचं नसतं, आणि फोटोसाठी तर अजिबात नाही. अंगणातले दिवे थोडा वेळ बंद करायची विनंती केली. मग वर पाहिलं आणि सगळे एकदम गप्प झाले. अमरावतीत आपण गच्चीवरून वीस-पंचवीस तारे मोजतो. तिथे व्याध, मृग, रोहिणी, कृत्तिका हे शोधावे लागले, इतकी गर्दी. पश्चिमेला शुक्र झगमगत होता, त्याच्या खाली मंद शनी. डोक्यावर रोहिणीशेजारी गुरू. पूर्वेला पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळ तांबूस मंगळ.

पण पोरं नाराज! त्यांना फोनवर फिरणाऱ्या चित्रांसारखे मोठे, रंगीत ग्रह एका रांगेत हवे होते. एक छोटी तर रडवेली झाली, “माझ्या फोटोत नुसते दोन ठिपके आलेत.” तिचा फोटो आम्ही पाहिला. खाली झोपडीच्या छपराची काळी कड, एका खिडकीत पिवळा दिवा, आणि वर निळ्या-काळ्या आभाळात एक ठळक, एक फिका असे दोन ठिपके. मी तिला विचारलं, “खिडकीत कोण होतं?” “आई. माझं स्वेटर शोधत होती.” आता सांगा, शनीची कडी दिसली नाहीत म्हणून हा फोटो फसला का? त्या रात्रीचा सगळ्यात चांगला फोटो म्हणून आम्ही सगळ्यांनी तोच ठरवला. तिला त्यातलं काय चांगलं आहे ते कारणासकट सांगितलं, छपराची कड, दिव्याचा रंग, मोकळी सोडलेली जागा. नुसतं ‘छान’ म्हणून सोडलं नाही. चांगलं का आहे हे कळलं, तर ते पुन्हा करता येतं.

आता आपली तिसऱ्या मजल्यावरची मुलगी. तिने कॅमेरा ट्रायपॉडवर लावला, अठरा मिलिमीटरची लेन्स, तीस सेकंद शटर उघडं. फोटो आला, पडद्यावर सुंदर दिसला. सगळे म्हणाले, अहाहा. ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, मोठा करून बघ. मोठा केला तर तारे गोल नव्हते, भाताच्या दाण्यासारखे लांबट होते.

मी विचारलं, “तुला तारे हवेत की रेघा?” पृथ्वी फिरते, म्हणून आभाळ तासाला पंधरा अंश सरकतं. रेघा हव्या असतील तर तीस सेकंद फार कमी. ध्रुवाकडे तोंड करून तासभराचे फोटो जोडले पाहिजेत, तेव्हा त्याच्याभोवती वर्तुळाचे तुकडे येतील. तिला तारे हवे होते. मग जुना आडाखा सांगितला. पाचशेला लेन्सच्या लांबीने भागायचं. तिच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, म्हणून अठराला दीडने गुणायचं, सत्तावीस. पाचशे भागिले सत्तावीस, साधारण अठरा सेकंद. आम्ही पंधरा धरले, आयएसओ ३२०० केला, आणि फोकस आपोआपवर न ठेवता गुरूवर हाताने जुळवला. दुसरा फोटो आला. तिने मोठा करून बघितला. टाचणीच्या टोकासारखे तारे. ती काही बोलली नाही, फक्त हसली. मग म्हणाली, “काका, हे चार वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर चार वर्षांपूर्वी आलं असतं.” मी म्हटलं, “हो.”

तिने यंदा पुन्हा अर्ज केला आहे. काय होईल माहीत नाही. पण या वेळी पाठवलेला प्रत्येक फोटो आम्ही दोघांनी पाच-पाच मिनिटं बघितला आहे.

राहता राहिले भाऊ. ते सहलीला आले होते, पण फोटो काढायला नाही. म्हणाले, रस्ता पाहायला येतो. रात्री शेकोटीजवळ सगळे आपापले फोटो दाखवत होते, भाऊ हात शेकत बसले होते. सगळे झोपायला गेल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं, भाऊ, तो २०१६ चा फोटो. मी तुम्हाला दुसरा प्रश्न विचारलाच नव्हता. आज विचारतो. तुम्हाला काय दाखवायचं होतं?

भाऊ बराच वेळ निखारे हलवत राहिले. मग बोलले. त्यांचेच शब्द सांगतो.

“साहेब, तुम्ही म्हणाले होते यात काहीच नाही. खरं हाय. काहीच नव्हतं. तेच तं दाखवाचं होतं.”

मग सगळं सांगितलं. खूप वर्षांपूर्वीचा एक जुलै. रात्री मुसळधार पाऊस, पुढचा नाला पुलावरून वाहतोय, मागचाही चढलेला. गाडी मधे अडकली. चाळीसएक माणसं, लहान लेकरं, एक आजारी म्हातारी. रात्रभर गाडीतले दिवे बंद, काचांवर पाऊस. जवळच्या पाड्यातल्या लोकांनी छत्तरी धरून चहा आणि भात आणून दिला. पहाटे पाऊस थांबला, आभाळ फाटून उजेड आला, पाणी उतरलं. पुढे वळण, रस्ता मोकळा, त्यावर गाळ. पूल आतून पोखरला असेल की धड असेल, बाहेरून कळत नव्हतं. “मांगं चाळीस माणसं माह्या पाठीकडे पाहून रायली होती, आन् मी रस्त्याकडे. गाडी घालू का नको? तसा रिकामा रस्ता मी जिंदगीत दुसरा पाहिला नाही.”

ते चालत जाऊन पूल पाहून आले, आणि मग गाडी घातली. सगळे सुखरूप परतवाड्याला पोहोचले. निवृत्त झाल्यावर एकदा त्या रस्त्याने प्रवासी म्हणून जाताना गाडी जरा थांबली, तेव्हा त्यांनी त्याच वळणाचा फोटो काढला. आणि मी विचारलं होतं, विषय कुठे आहे?

मला त्या थंडीत घाम फुटला. मी माफी मागितली. भाऊ म्हणाले, “जाऊ द्या ना बाप्पा. पण आता इचारलं ना, मंग आता सांगा. त्या फोटोत हे काऊन नाही दिसलं?”

मंडळी, हा प्रश्न मला फार मोठा वाटतो. त्यांना सहानुभूती नको होती, त्यांना उत्तर हवं होतं. आणि उत्तर होतं. गोष्ट कितीही मोठी असली तरी फोटोत ती आपोआप उतरत नाही. मी म्हटलं, भाऊ, तो फोटो तुम्ही रस्त्याच्या कडेला उभं राहून, भर दुपारी घेतला. ती पहाट होती. आणि त्या पहाटे तुम्ही कडेला नव्हता, चालकाच्या जागेवर होता. तुमच्या फोटोत रस्ता आहे, पण तो बघणारा माणूस नाही.

भाऊ उठले आणि झोपायला गेले. सकाळी सातच्या आधीच दारावर थाप. ध्वजवंदनाला वेळ होता. आमच्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या चालकाला त्यांनी आधीच पटवलं होतं, धंदाभाऊच ना! आम्ही तिघे परतवाड्याच्या दिशेने निघालो. त्या वळणाच्या अलीकडे, पुढेमागे कोणी नाही हे बघून गाडी कडेला घेतली. रस्त्यावर धुकं होतं, समोर आभाळ नुकतं तांबडं होत होतं. भाऊ चालकाच्या जागेवर बसले. खाली उतरायचा प्रश्न नव्हता, आणि गरजही नव्हती. त्यांनी काच वर्तमानपत्राने पुसली आणि काचेतून पहिला फोटो घेतला.

मी एकच गोष्ट सांगितली. काचेत डॅशबोर्डवरच्या गणपतीच्या हाराचं प्रतिबिंब पडतंय. भाऊंनी गळ्यातला मफलर काढून डॅशबोर्डवर पसरला. दुसरा फोटो घेतला. प्रतिबिंब गेलं. पण खाली स्टिअरिंगची अर्धी कड चौकटीत आली होती. पुस्तकी हिशेबाने ती काढायला हवी. कोपऱ्यात घुसलेली काळी वस्तू, नजर अडते, वगैरे. माझ्या तोंडावर आलं होतं, “भाऊ, स्टिअरिंग काढा.” मी ते गिळलं आणि विचारलं, “भाऊ, स्टिअरिंग?”

“राहू द्या,” भाऊ म्हणाले. “तिथंच तं मी हाय.”

तो फोटो खिडकीशेजारच्या भिंतीवर नववा आहे. त्याखाली नाव नाही, मथळा नाही. भाऊंना नको होता. तुम्हीच बघा आणि त्यांना सांगा, काय दिसलं ते.

परत आलो तेव्हा संकुलात ध्वजवंदनाची तयारी झाली होती. मफलर गाडीतच राहिला, भाऊ थंडीत तसेच ताठ उभे राहिले.

शेवटचं सांगतो. प्रत्येक फोटोखाली आम्ही एक कागद आणि पेन्सिल ठेवली आहे. त्यावर ‘छान’ लिहू नका. ‘काही खास नाही’ही लिहू नका. काय दिसलं ते लिहा. काही कळलं नाही तर ‘तुम्हाला काय दाखवायचं होतं?’ एवढं लिहा आणि खाली आपलं नाव लिहा, म्हणजे तो माणूस उत्तर द्यायला तुमच्याकडे येईल. वेगवेगळ्या मजल्यांवर राहणारी माणसं त्या निमित्ताने एकमेकांच्या घरी जातील. पंचवीस वर्षं आपण आमसभेत पाण्याच्या टाकीवरून आणि पार्किंगवरून एकमेकांना प्रतिक्रिया देतोच आहोत. तिथेही दुसरा प्रश्न आधी विचारून बघायला हरकत नाही.

भाऊ आणि मी एकाच जिन्याने चढतो-उतरतो. एका प्रश्नाला मला आठहून अधिक वर्षं लागली. तुम्हाला एवढी लागू नयेत, म्हणून हे सगळं बोललो.

आता आलुबोंडे गार व्हायच्या आत आपण सगळे फोटो बघू या. आधी फोटो, मग आलुबोंडे. आपल्या सोसायटीला रौप्य महोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.